पेपरच्या सकाळी आतड्यात काय घडतं

पेपरच्या सकाळी तीन-तीनदा संडासला पळणारी मुलं प्रत्येक पिढीत होती. पेपर सुटला की त्यांचं पोट ताळ्यावर यायचं आणि घरचे त्याची फारशी दखल घेत नसत. काही मुलांचं मात्र तसं होत नाही. पेपर संपतो, निकाल लागतो, नवं कॉलेजही सुरू होतं, तरी पोटात कळ येतच राहते. शौचाला जाऊन आलं की जरा बरं वाटतं, तासाभरात पुन्हा मुरडा. कुणाचं याच्या उलट असतं. चार-चार दिवस पोट साफ होत नाही, गुबारा धरतो, जेवण समोर आलं की नको वाटतं. कधी आव पडते. मग रक्त-लघवी-संडास तपासून होतं, सोनोग्राफी होते, एखाद्याची दुर्बिणीतून तपासणीही होते. सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि मुलाला सांगितलं जातं, "तुला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नकोस."

या वाक्याचा दुसरा भाग शास्त्राला धरून आहे. पहिला चुकीचा आहे, आणि त्या चुकीमुळे पोरं वर्षानुवर्षं स्वतःलाच दोष देत बसतात. टेन्शनने आतड्यात, आतड्याच्या नसांमध्ये, त्या नसांच्या पेशींतल्या जनुकांवर काय होतं हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरंच उलगडलं आहे. ते नांदेड-लातूरच्या घराघरांत पोहोचायला हवं, कारण या दोन शहरांनी शिकण्याचा ताण फार मोठ्या संख्येने मुलांच्या वाट्याला दिला आहे.

लातूरचं राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली सुरू झालं. प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जादा तास, सततच्या चाचण्या आणि प्रत्येक उत्तरपत्रिकेवर मेहनत अशी जी पद्धत बसवली, तिलाच पुढे 'लातूर पॅटर्न' म्हणू लागले. मागास म्हणून हिणवल्या गेलेल्या मराठवाड्याची मुलं बारावीच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली, ही अभिमानाचीच गोष्ट होती आणि आहे. वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. नंतर गुणवत्ता याद्या बंद झाल्या, 'नीट' आली आणि नांदेडही या शिकवण्यांचं मोठं केंद्र बनलं. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवची सोळा-सतरा वर्षांची मुलं इथे खोली करून राहतात, मेसचा डबा खातात आणि ७२० गुणांच्या एका पेपरसाठी दोन वर्षं, रिपीटर असतील तर तीन-चार वर्षं, राबतात. त्या डब्यामागे बापाची एखादी एकर जमीन असते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आधी या दुखण्याबद्दल. वैद्यकात त्याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, थोडक्यात आयबीएस म्हणतात. २०१६च्या 'रोम-४' निकषांनुसार गेले तीन महिने आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखत असेल, त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असेल किंवा शौचाच्या वेळा आणि स्वरूप बदललं असेल, अशा तीनपैकी किमान दोन खुणा जुळत असतील आणि त्रास सुरू होऊन सहा महिने झाले असतील, तर आयबीएस म्हणावं. या कडक निकषांनीही जगात शंभरातल्या चारेक माणसांना तो असतो. आतड्याला जखम नसते, गाठ नसते, म्हणून दुर्बिणीला काही दिसत नाही. बिघाड असतो तो आतडं आणि मेंदू यांच्यातल्या संवादात.

हा संवाद डोळ्यांनी पाहिला गेला त्याला आता पाऊणशे वर्षं झाली. न्यूयॉर्कच्या कॉर्नेलमधले डॉक्टर थॉमस आल्मी १९४०च्या दशकाच्या अखेरीस निरोगी माणसांच्या मोठ्या आतड्यावर ताणाचा परिणाम तपासत होते. वैद्यकीच्या एका विद्यार्थ्याने स्वेच्छेने स्वतःची तपासणी करू दिली. नळी आत असतानाच डॉक्टरांनी आपसात असं बोलणं केलं की याला कॅन्सर दिसतो आहे. मुलाच्या आतड्याचं अस्तर लालबुंद झालं, आतडं आवळलं गेलं. हे सगळं नाटक होतं असं सांगितल्यावर ते सैलावलं. आज असा प्रयोग कुणी करू शकणार नाही आणि करूही नये. पण त्या मुलाला 'काही झालेलं नव्हतं' असं म्हणता येईल का? जे झालं ते नळीतून दिसत होतं.

ताणाचा हा निरोप कसा पोहोचतो? मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सीआरएफ नावाचं छोटं प्रथिन सोडतो. १९८१ साली ते ओळखलं गेलं. त्यातून पिट्युटरी ग्रंथी आणि मग मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी जाग्या होतात आणि रक्तात कॉर्टिसॉल येतं. शिवाय सीआरएफ नसांमार्फत पोटावरही काम करतं. जठराची हालचाल ते मंदावतं आणि मोठ्या आतड्याची वाढवतं. पेपरच्या सकाळी घास गिळवत नाही आणि त्याच वेळी संडासला पळावं लागतं, या दोन्ही गोष्टी एकाच निरोपाच्या आहेत. जपानमधल्या संशोधकांनी आयबीएसच्या रुग्णांना सीआरएफ टोचून पाहिलं, तेव्हा त्यांचं आतडं निरोगी माणसांपेक्षा कितीतरी जोरात हललं.

संकट टळलं की कॉर्टिसॉल स्वतःच मेंदूला कळवतं, आता पुरे. हा निरोप घेण्यासाठी पेशींत ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर असतो आणि तो बनवण्याची कृती एनआर३सी१ या जनुकात लिहिलेली असते. एका दिवसाच्या ताणाला ही व्यवस्था पुरून उरते. ताण महिनोन्महिने चालला तर काय होतं, हा पुढचा प्रश्न. जनुकांच्या नियमनाची गोष्ट इथे सुरू होते.

आपल्या प्रत्येक पेशीत साधारण तीच जनुकं असतात, तरी डोळ्याची पेशी डोळ्याचं काम करते आणि आतड्याची आतड्याचं, कारण प्रत्येक ठिकाणी वेगळी जनुकं चालू आणि वेगळी बंद असतात. विहिरीला पाणी तेवढंच असतं, पण दारं धरणारा माणूस ज्या सरीचं तोंड उघडेल ती भिजते आणि ज्या तोंडावर माती ओढेल ती कोरडी राहते. पेशीत ही दारं धरण्याचं काम काही रसायनं करतात. जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल नावाचे चिमुकले गट चिकटले की ते जनुक सहसा गप्प होतं. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर ॲसिटिल गट बसले की गुंडाळी सैल होते आणि जनुक बोलू लागतं. तिसरा मार्ग सूक्ष्म आरएनएचा. ते जनुकाचा निरोप वाटेतच अडवतात. यात डीएनएचं एकही अक्षर बदलत नाही. बदलतं ते कोणतं अक्षर वाचायचं हे, आणि त्यात अनुभवाचा हात असतो.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात जॉन वायली यांच्या गटाने २०१५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या सगळ्या विषयाच्या मध्यभागी वाटतो. उंदरांना पाण्याच्या टाकीत मधोमध असलेल्या लहानशा ठोकळ्यावर रोज तासभर ठेवलं, दहा दिवस. इजा काही नाही, भूक नाही, मार नाही. फक्त चारी बाजूंनी पाणी आणि सुटका नाही. दहा दिवसांनी या उंदरांचं आतडं थोडं जरी ताणलं तरी त्यांना जास्त दुखू लागलं. संशोधकांनी पाठीच्या कण्यालगतच्या, आतड्याकडून वेदनेचा निरोप आणणाऱ्या मज्जापेशी तपासल्या. तिथे एनआर३सी१ या जनुकावर मिथाइल गट वाढले होते, म्हणजे 'पुरे' हा निरोप ऐकणारा रिसेप्टर कमी बनत होता. वेदना दाबणाऱ्या सीएनआर१ या जनुकावरही मिथाइल गट बसून ते मंदावलं होतं. आणि वेदना कळवणाऱ्या टीआरपीव्ही१ या जनुकाजवळच्या हिस्टोनवर ॲसिटिल गट वाढून ते जास्त चालू झालं होतं. वेदनेला आवर घालणारी दोन जनुकं मंद, वेदना कळवणारं एक तेज.

त्याच कण्याच्या जरा वरच्या, पायाकडून येणाऱ्या मज्जापेशींत मात्र हे बदल नव्हते. ताण साऱ्या शरीराला झाला होता, खूण उमटली ती आतड्याच्या नसांवर. 'सगळं तुझ्या मनात आहे' असं म्हणणाऱ्याला यापेक्षा स्पष्ट उत्तर देता येणार नाही. शिवाय मिथाइल आणि ॲसिटिल गट चिकटवणारी प्रथिनं त्या पेशींत कमी केली, तेव्हा ताण देऊनही दुखणं वाढलं नाही. म्हणजे या रासायनिक खुणा दुखण्याच्या सोबत नुसत्या आलेल्या नव्हत्या, दुखणं त्यांच्यातूनच येत होतं. हा प्रयोग उंदरांवरचा आहे आणि माणसाच्या कण्यालगतच्या पेशी काढून असं तपासता येत नाही, ही मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. पण माणसांतही याच दिशेचे पुरावे आहेत.

टीआरपीव्ही१ हे त्यातलं एक, आणि मराठवाड्यातल्या माणसाने हे नाव लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मिरचीतल्या कॅप्सेसिनचा शोध घेता घेता हा रिसेप्टर ओळखला. याच कामासाठी त्यांना २०२१चं नोबेल मिळालं. मिरची आणि चटका यांची जाणीव याच दारातून आत येते. लंडनमध्ये आयबीएसच्या रुग्णांच्या आतड्याच्या अस्तराचे तुकडे तपासले, तेव्हा टीआरपीव्ही१ असलेले मज्जातंतू निरोगी माणसांच्या साडेतीनपट आढळले, आणि ते जितके जास्त तितकं पोटदुखणं जास्त. थायलंडमध्ये जुलाबाचा आयबीएस असलेल्यांना तिखट जेवण दिलं, तर त्यांच्या पोटातली आग आणि दुखणं निरोगी माणसांपेक्षा वाढलं. लहानपणापासून खर्डा-भाकर पचवलेलं पोर नांदेडला आल्यावर त्याच खर्ड्याने बेजार होतं आणि आई म्हणते, "घरी तर खायचास की रे." मिरची तीच असते. ती ओळखणाऱ्या नसा तशा राहिलेल्या नसतात.

ताण आतड्याच्या भिंतीलाही सोडत नाही. अस्तराच्या पेशी एकमेकींना क्लॉडिनसारख्या प्रथिनांनी घट्ट बिलगून असतात, म्हणून आतलं अन्न आणि जंतू बाहेर झिरपत नाहीत. वायलींच्याच गटाने २०१७ साली दाखवलं की दीर्घ ताणात ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर कमी झाला की क्लॉडिन-१चं जनुकही मंदावतं आणि भिंत पाझरू लागते. जुलाबाच्या आयबीएसमधल्या काही रुग्णांत मिर-२९ए नावाचा सूक्ष्म आरएनए वाढलेला सापडला आहे, तोही याच भिंतीला सैल करतो. पाझरणाऱ्या भिंतीपलीकडे रोगप्रतिकारक पेशी चाळवतात, त्यांची रसायनं नसांना आणखी हुळहुळं करतात, आणि दुखणाऱ्या पोटाची धास्ती पुन्हा सीआरएफ वाढवते.

मग हा आजार आईबापांकडून येतो का? पाच लाखांच्या आसपास लोकांच्या जनुकांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात आयबीएसचे रुग्ण ५३ हजारांवर होते. जोखमीशी जोडलेल्या फक्त सहा जागा सापडल्या आणि सगळा जनुकीय वाटा मिळून सुमारे ६ टक्केच भरला. त्या जागांपैकी बऱ्याच मज्जासंस्थेच्या कामाशी आणि चिंता, उदासी यांच्याशीही निगडित निघाल्या. चिंतेमुळे आयबीएस होतो असा याचा अर्थ नाही. दोघांची मुळं काही अंशी एकाच जमिनीत आहेत, इतकाच. त्याआधी, २००१ साली जुळ्यांचा एक अभ्यास झाला होता. सारखी नसलेली जुळी भावंडं एकमेकांशी जितकी जनुकं वाटून घेतात तितकीच आईशीही. तरीही या रुग्णांत जुळ्या भावंडापेक्षा आईला आयबीएस असण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त आढळलं. म्हणजे जनुकांइतकंच, कदाचित जास्त, घरातलं वातावरण बोलतं. यात आईला बोल लावायचं कारण नाही. घरावरचा ताण सगळ्यांच्या अंगावर पडतो आणि तो सर्वांत जास्त कोण उचलतं हे आपल्याला माहीत आहे.

ही खूण किती लवकर उमटू शकते? कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि मोशे स्झिफ यांनी २००४ साली दाखवलं की ज्या उंदीर-पिलांना आई भरपूर चाटते, जवळ घेते, त्यांच्या मेंदूत एनआर३सी१ जनुकावर मिथाइल गट कमी राहतात आणि मोठेपणी ती ताणातून लवकर सावरतात. दुर्लक्षित पिलांचं उलटं होतं. जन्मतःच पिलांची अदलाबदल केली, तर जन्मदात्रीपेक्षा वाढवणारीचा परिणाम दिसतो. माणसांतला पुरावा ॲम्स्टरडॅमचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी तिथे भीषण दुष्काळ पडला. १९४३ ते १९४७ या काळात जन्मलेली तिथली मुलं म्हातारपणी तपासली गेली. गर्भात असताना उपासमार झालेल्यांमध्ये आयबीएस वाढलेला नव्हता. ज्यांची पहिली महिने-वर्षं युद्धाच्या धामधुमीत गेली त्यांच्यात मात्र तो वाढलेला होता. संशोधकांनी बोट ठेवलं ते भुकेपेक्षा त्या काळातल्या ताणावर.

हे वाचताना लातूरच्या माणसाला ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आठवल्याशिवाय राहणार नाही. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते, चार वाजायच्या आत किल्लारीची भूमी हलली, दगडमातीच्या माळवदांखाली हजारो माणसं गेली, लातूर-धाराशिवची ५२ गावं उद्ध्वस्त झाली. वाचलेल्यांपैकी ज्यांना मनोविकारतज्ज्ञांनी तपासलं त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना मानसिक आजार झालेला आढळला. त्या वर्षी पाळण्यात असलेली, पत्र्याच्या शेडमध्ये रांगायला शिकलेली मुलं आज तिशी ओलांडून आईबाप झाली आहेत. ॲम्स्टरडॅमने आपल्या मुलांचा जसा माग ठेवला तसा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांनीही ठेवावा. पोट, झोप, रक्तदाब, सगळ्याचाच.

मराठवाड्याच्या पोटावर आणखी एक मार आहे, तो पाण्याचा. कॅनडातल्या वॉकर्टन गावात मे २००० मध्ये नळाचं पाणी दूषित झालं. २,३०० हून अधिक लोक आजारी पडले, सात दगावले. गावाचा पुढे अनेक वर्षं पाठपुरावा झाला आणि जुलाब थांबून वर्षं उलटल्यावरही कित्येकांना आयबीएस जडलेला दिसला. आतड्याच्या जंतुसंसर्गानंतर दहातल्या साधारण एकाला तो होतो, असं आता मानतात. न्यूझीलंडमधल्या अभ्यासात या एकाची ओळखही पटली. संसर्गाच्या वेळी जो आधीच ताणात, काळजीत होता, त्याला धोका जास्त. लातूरने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. 'जलदूत'चे ते डबे देशभर टीव्हीवर दिसले. टँकरचं पाणी, रांजणात साठवलेलं पाणी, मेसच्या पिंपातलं पाणी, आणि ते पिणारं परीक्षेच्या ताणातलं मूल. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते वर सांगितलं आहे, त्यामुळे खोली शोधताना पालकांनी क्लासइतकीच पिण्याच्या पाण्याचीही चौकशी करावी.

आता उपायांकडे. मिथाइलचे आणि ॲसिटिलचे गट बसतात तसे निघूही शकतात. मॅकगिलच्या प्रयोगात मोठ्या झालेल्या उंदरांतही औषधाने ते बदलता आले. माणसांसाठी अशी औषधं आज नाहीत, पण ताण कमी करण्याचे मार्ग जनुकांपर्यंत पोहोचतात याची चिन्हं आहेत. बॉस्टनमध्ये आयबीएस आणि आतड्याला सूज येणाऱ्या आजारांच्या ४८ रुग्णांना नऊ आठवडे श्वास, ध्यान आणि शिथिलीकरण शिकवलं. त्रास कमी झाला आणि दाहाशी संबंधित जनुकांचं कामही बदललेलं दिसलं. अभ्यास लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. समुपदेशनाचा आणि आतड्यावर लक्ष केंद्रित करणाऱ्या संमोहनाचा पुरावा जास्त भक्कम आहे. मॅंचेस्टरचे पीटर व्हॉरवेल यांनी त्याची पहिली चाचणी १९८४ मध्येच केली होती.

आहारात गहू, कांदा, लसूण, तूर-हरभऱ्याच्या डाळी आणि काहींना दूध यांतल्या न पचणाऱ्या शर्करा गॅस वाढवतात. ज्वारीत त्या कमी असतात, म्हणून मेसच्या पोळीऐवजी भाकरी मिळाली तर पुष्कळांना उतार पडतो. पण सगळंच एकदम तोडून वाढत्या वयाच्या मुलाने उपाशी राहू नये. एक-एक पदार्थ दोन-तीन आठवडे बंद करून पाहावा, फरक नसेल तर परत सुरू करावा. रात्री दोनपर्यंत चहावर जागणं मात्र बंदच करावं.

शौचातून रक्त, घटतं वजन, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा घरात आतड्याचा कॅन्सर, यातलं काही असेल तर आयबीएस समजून बसू नये. आपल्याकडे आतड्याचा क्षय आणि जिआर्डियासारखे जंतू अजूनही पुष्कळ सापडतात आणि त्यांवर नेमके उपचार आहेत.

अमिट्रिप्टिलीनबद्दल मुद्दाम लिहितो. इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत या जुन्या औषधाच्या १० ते ३० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेने आयबीएसचा त्रास कमी झाला. उदासीच्या आजारात ते याहून बऱ्याच मोठ्या मात्रेत देतात. औषधाच्या दुकानात किंवा मोबाइलवर नाव शोधलं की "ही तर डोक्याची गोळी" असं कळतं आणि दोन दिवसांत पाकीट कपाटात जातं. इथे ती दिलेली असते आतड्याकडून मेंदूकडे जाणारा वेदनेचा निरोप मंद करण्यासाठी. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती वाटते, म्हणून डॉक्टर रात्रीची मात्रा हळूहळू वाढवतात. ती स्वतःहून सुरू करू नये आणि स्वतःहून बंदही करू नये. गोळी लिहून देताना डॉक्टरांनी हे सगळं दोन मिनिटं काढून सांगितलं, मूल आणि सोबत आलेले वडील दोघांनाही सांगितलं, तर कपाटात जाणारी बरीच पाकिटं वाचतील.